अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा : एका अधिक चिन्हाचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी आत येतानाच मला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं व्हिडिओ गेमच्या रिमोटशी काय काम? प्रश्न रास्त आहे. एखादी वस्तू जशी आहे तशीच का आहे, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा. ती तशी कधीपासून झाली, हा इतिहासाचा. आणि वस्तू बिघडली की हे दोन्ही प्रश्न एकदमच समोर येऊन उभे राहतात. आज आपण तीन-चारशे रुपयांची एक लहानशी वस्तू घेऊ आणि तिला हे दोन्ही प्रश्न विचारू.

वस्तू तुमच्या ओळखीची आहे. जुन्या टीव्ही गेमच्या कंट्रोलरसारखा दिसणारा, पण आज नव्याने बनवलेला कंट्रोलर. आपल्याकडे त्याला कंट्रोलर फारसं कुणी म्हणत नाही. रिमोट म्हणतात, नाहीतर जॉयस्टिक. खरं तर त्यात स्टिक नसतेच. डाव्या अंगठ्याखाली अधिक चिन्हाच्या आकाराचं एक बटण असतं : वर, खाली, डावं, उजवं. जाणकार त्याला डी-पॅड म्हणतात. मी आपलं साधं 'अधिकचं बटण' म्हणेन.

या बटणाची तक्रार ठरलेली असते. एक मुलगा म्हणतो, "उजवीकडे दाबून धरलंय, तरी मारिओ धावता धावता मध्येच थबकतो." दुसरा म्हणतो, "काँट्रामध्ये मला सरळ गोळ्या मारायच्यात, त्या तिरक्याच जातात." यावर घरातली मोठी माणसं काय म्हणतात? नाचता येईना, अंगण वाकडं! आणि तो मुलगा गप्प बसतो. त्यालाही वाटायला लागतं की दोष आपल्या अंगठ्याचाच आहे.

माझं आजचं म्हणणं असं, की इथे अंगण बरेचदा खरोखरच वाकडं असतं. ते का वाकडं झालं, हे इतिहासात सापडतं. आणि ते सरळ करून देणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, तोच इतिहास उलट्या बाजूने वाचत असतो.

आत काय असतं

मागचे स्क्रू काढले की रिमोटचे दोन भाग होतात. वर प्लॅस्टिकचं अधिकचं बटण. त्याच्याखाली मऊ रबराचा तुकडा, त्यावर चार फुगवटे, आणि प्रत्येक फुगवट्याच्या पोटात एक काळी कार्बनची टिकली. टीव्हीचा रिमोट ज्यांनी कधी उघडलाय त्यांना ही टिकली ओळखीची असेल. तळाला पीसीबी, म्हणजे सर्किटची पाटी. प्रत्येक टिकलीच्या बरोबर खाली पाटीवर दोन फण्यांसारख्या रेषा असतात. एकीचे दात दुसरीच्या दातांमध्ये शिरलेले, पण एकमेकांना न टेकणारे. टिकली दाबली गेली की ती दोन्ही फण्यांवर बसते, मार्ग जोडला जातो, आणि यंत्राला कळतं की 'उजवं' दाबलं.

याखेरीज आणखी एक गोष्ट असते, ती चटकन नजरेत येत नाही. बटण उलटं करून पाहा. चांगल्या बटणाच्या पोटाशी मधोमध एक छोटा गोलसर उंचवटा असतो. शाळेत आपण तरफ शिकलो होतो, आठवतं का? भार, बल आणि टेकू. हा उंचवटा म्हणजे टेकू. त्याच्यामुळे उजवी बाजू खाली गेली की डावी वर उचलली जाते, बागेतल्या सी-सॉसारखी. टेकू नसेल किंवा आखूड असेल, तर बटण कलत नाही, अख्खंच्या अख्खं खाली बसतं.

आपला कर्जत-खालापूरचा भाग भाताचा. पूर्वी घरोघरी जातं होतं. जात्याचा मधला खुंटा काही पीठ दळत नाही, पण तो झिजला की वरची तळी डगमगते आणि दळण बिघडतं. अधिकच्या बटणातला टेकू असाच.

आता थोडं गणित करू. चार दिशांच्या चार टिकल्या. प्रत्येक एक तर टेकलेली, नाहीतर न टेकलेली. म्हणजे एकूण शक्यता सोळा. पण टेकू व्यवस्थित असेल तर त्यातल्या नऊच घडू शकतात : काहीच न दाबणं, चार सरळ दिशा आणि चार तिरक्या दिशा. उरलेल्या सात, म्हणजे डावं-उजवं एकदम, वर-खाली एकदम, तीन दिशा एकदम, चारही एकदम, या शरीराने करताच येत नाहीत. बटण तसं बसतच नाही. हा नियम कुठल्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेला नव्हता, प्लॅस्टिकमध्ये लिहिलेला होता. खेळ लिहिणारे या नियमावर विसंबून राहिले. झेल्डा मालिकेतला दुसरा खेळ १९८७ सालचा. त्यात डावं आणि उजवं एकदम दाबता आलं तर नायक भलत्याच वेगाने पळत सुटतो. लिहिणाऱ्यांनी त्या शक्यतेचा विचारच केला नव्हता, कारण चांगल्या बटणावर ती शक्यता नव्हतीच.

हा टेकू आला कुठून

निन्टेंडो ही कंपनी १८८९ मध्ये जपानच्या क्योटो शहरात सुरू झाली ती पत्ते बनवण्यासाठी. हानाफुदा म्हणून त्यांचे फुलांच्या चित्रांचे पत्ते असतात, ते. १९६५ मध्ये तिथे गुनपेई योकोई नावाचा एक तरुण कामाला लागला. काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. हे लक्षात ठेवा. ज्या माणसाने पुढे हे बटण दिलं, तो आधी यंत्रांची निगा राखणारा होता.

योकोईंचा एक विचार प्रसिद्ध आहे. अगदी नवं, महाग तंत्र घेऊ नका. जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याचे गुणदोष सगळ्यांना कळलेत, असं तंत्र उचला आणि ते वेगळ्याच जागी वापरा. जपानीत ते अशा तंत्राला 'सुकलेलं' म्हणतात. मराठीत मी 'मुरलेलं' म्हणेन, लोणच्यासारखं. असं सांगतात, की एकदा आगगाडीत कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाचच दाबत बसला होता, ते योकोईंनी पाहिलं. कर्जत लोकलने रोज दोन-दोन तास प्रवास करणाऱ्यांना तो कंटाळा मी वेगळा समजावून सांगायला नको. कॅल्क्युलेटरचा पडदा आणि चिप तोवर स्वस्त झाल्या होत्या. त्यातून १९८० मध्ये खिशात मावणारे 'गेम अँड वॉच' हे खेळ आले.

१९८२ मध्ये याच मालिकेत 'डाँकी काँग' आला. त्याला दोन पडदे होते आणि तो डबीसारखा मिटत असे. आता डबी मिटायची तर वर आलेली दांडी चालणार नाही. दिशा तर चार हव्यात. चार सुटी बटणं ठेवली तर प्रत्येक वेळी अंगठा उचलावा लागतो आणि खाली बघावं लागतं. म्हणून चारही दिशा एका चपट्या अधिक चिन्हात आणल्या, मधे टेकू दिला. अंगठा न उचलता, न बघता, नुसता कलता करून दिशा बदलता येऊ लागली. म्हणजे हा आकार आला तो एका अडचणीतून, सुंदर दिसावा म्हणून नव्हे.

जुलै १९८३ मध्ये टीव्हीला जोडायचं 'फॅमिकॉम' यंत्र जपानात विक्रीला आलं आणि हे बटण त्याच्या रिमोटवर गेलं. पुढे हे यंत्र अमेरिकेत 'एनईएस' नावाने गेलं. दोन्ही मिळून सहा कोटींहून अधिक यंत्रं विकली गेली. पण सुरुवातीच्या फॅमिकॉमची एक गंमत आहे. त्यावरची 'ए' आणि 'बी' ही बटणं चौकोनी आणि रबराची होती. ती झिजत, अडकत. मग कंपनीने ती बदलून गोल आणि टणक प्लॅस्टिकची केली. त्यात रिमोटची वायर यंत्राला कायमची जोडलेली, त्यामुळे एक बटण अडकलं तरी अख्खं यंत्र उचलून न्यायचं. आज आपण ज्याला 'मूळ' म्हणून डोक्यावर घेतो, तेसुद्धा चुका सुधारत सुधारत मूळ झालेलं आहे. म्हणून मूळ पवित्र आणि नक्कल अपवित्र, असा सोवळेपणा मला मान्य नाही.

नकलेचे उपकार

नकलेबद्दल आधी चार बरे शब्द बोलले पाहिजेत. तैवानमध्ये फॅमिकॉमला जुळणाऱ्या चिपा बनू लागल्या आणि त्यांवर चालणारी यंत्रं जगभर गेली. रशियात १९९२ मध्ये 'डेंडी' आलं, पोलंडमध्ये 'पेगॅसस'. तिथल्या एका अख्ख्या पिढीला मूळ फॅमिकॉम ठाऊकच नाही, त्यांच्यासाठी डेंडी हाच खेळ. आपल्याकडे 'समुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी याच घराण्यातली यंत्रं आली. ज्याला खरं म्हणजे कार्ट्रिज म्हणतात, त्याला आपण 'कॅसेट' म्हणायला लागलो. '९९९९ इन १' असं लिहिलेल्या कॅसेटमध्ये मोजके खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा असायचे, हेही सगळ्यांना ठाऊक.

एक योगायोग सांगतो. हे अधिकचं बटण १९८२ मधलं आणि भारतात दूरदर्शन रंगीत झालं तेही १९८२ मध्येच. टीव्ही घरात आला, मग टीव्हीला जोडायचा खेळ आला. पण मुंबईपासून आपण शंभर किलोमीटर आत. खोपोली आणखी पंधरा किलोमीटर पुढे. १९१५ पासून खोपोलीच्या टाटांच्या केंद्रातली वीज मुंबईच्या गिरण्यांना जात होती, इथल्या वाड्या-वस्त्यांवर मात्र दिवा फार उशिरा लागला. खेळण्यांचंही तसंच. नवी वस्तू मुंबईहून यायची, आणि तिचा सुटा भाग हवा असेल तर लोकलने दादरला उतरा, गाडी बदला, ग्रँट रोडला जा आणि लॅमिंग्टन रोड गाठा. त्याचं आताचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. वीस रुपयांच्या रबरासाठी अख्खा दिवस कोण मोडणार? म्हणून अशा गावांमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाला महत्त्व आलं. त्याच्याकडे ना यंत्राचा नकाशा, ना कंपनीचं पुस्तक. नकलेला सर्व्हिस मॅन्युअल नसतं. त्याने उघडून बघायचं आणि बघून समजून घ्यायचं.

नक्कल काय उचलते, काय सोडते

अमेरिकेत निन्टेंडोला या बटणाचं पेटंट १९८७ मध्ये मिळालं. त्यामुळे इतर मोठ्या कंपन्यांना सरळ अधिक चिन्ह वापरणं अडचणीचं होतं. सेगाने गोल तबकडीवर अधिक उठवलं. सोनीच्या प्लेस्टेशनवर चार बाण वेगवेगळे दिसतात. २००५ मध्ये पेटंटची मुदत संपली. पुढे जुन्या खेळांची आठवण हाच एक बाजार झाला. २०१६ मध्ये निन्टेंडोने स्वतःच आपलं जुनं यंत्र लहान आकारात पुन्हा काढलं. आणि बाजारात युएसबीला जोडायचे जुन्या रूपाचे रिमोट, '४०० इन १' लिहिलेल्या हातातल्या डब्या, असं सगळं आलं. आता जत्रेतसुद्धा मिळतं.

नक्कल करणारा काय बघतो? बाहेरून दिसतं ते. रंग, आकार, अक्षरं, बटणांच्या जागा. ते हुबेहूब उतरतं. पण न दिसणाऱ्या चार गोष्टी असतात : टेकूची उंची, रबराचा कडकपणा, टिकलीचा व्यास आणि पाटीवरच्या फण्यांची रुंदी. यातली एकेकटी कुठलीच गोष्ट बरोबर किंवा चूक नसते. त्या चारही एकमेकींशी जुळाव्या लागतात. टेकू थोडा आखूड असेल तर रबर कडक हवं. रबर मऊ असेल तर फण्या अरुंद हव्यात. प्लॅस्टिक एका ठिकाणचं, रबर दुसऱ्या ठिकाणचं, पाटी तिसऱ्या ठिकाणची, असं झालं की प्रत्येक भाग चांगला असूनही जोडणी बिघडते. कुणी लबाडी केलीच पाहिजे असं नाही. नातं सांभाळायला कुणी नव्हतं, एवढंच.

मग काय होतं? तुम्ही उजवं दाबता, बटण थोडं जास्त बसतं, आणि 'खाली'ची टिकलीसुद्धा कडेने फण्यांना स्पर्श करते. यंत्राला ऐकू जातं : उजवं अधिक खाली. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये मारिओ जमिनीवर असताना 'खाली'बरोबर डावं किंवा उजवं दाबलं गेलं, तर प्रोग्रॅम दोन्हीकडे दुर्लक्ष करतो. म्हणून मारिओ थबकतो. 'काँट्रा'मध्ये उजवं अधिक खाली याचा अर्थ तिरका नेम. म्हणून गोळ्या तिरक्या जातात. दोष एकच, पण प्रत्येक खेळात त्याचं सोंग निराळं. त्यामुळे मुलाला बटणाचा संशयच येत नाही. त्याला वाटतं, मला खेळता येत नाही.

हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९२७ मध्ये हातोड्याचं उदाहरण दिलं होतं. काम चालू असताना सुताराचं लक्ष हातोड्याकडे नसतं, खिळ्याकडेही फारसं नसतं, कामाकडे असतं. हातोडा मोडला की मग तो 'दिसतो'. मला यात थोडी भर घालावीशी वाटते. जे साधन आधी नीट चालत होतं आणि मग मोडलं, ते दिसतं. पण जे साधन पहिल्या दिवसापासूनच थोडं वाकडं आहे, ते दिसतच नाही. त्याच्याऐवजी माणसाला स्वतःचा नालायकपणा दिसायला लागतो. खेळण्याच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येईल. पण न वाजणारी पेटी, न कापणारी कात्री, चुकीच्या उंचीचा बाक, यांच्यापुढे बसून आपण किती मुलांना 'तुला येत नाही' म्हटलं असेल, याचा विचार करा. दुरुस्ती करणारा पहिलं काम हे करतो : तो आपली नजर अंगठ्यावरून काढून बटणाकडे वळवतो.

दुरुस्ती म्हणजे इतिहास विचारणं

चांगला डॉक्टर आधी विचारतो, कधीपासून दुखतंय? इथेही पहिला प्रश्न तोच. पहिल्या दिवसापासून असं आहे, की पावसाळ्यानंतर सुरू झालं? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपाटातले कपडे दमट होतात, तिथे पाटीचं काय? स्क्रू गंजतात, उघड्या तांब्यावर हिरवट थर चढतो, आत सेल राहिले असतील तर तेही पाझरतात. अशा वेळी दिशा लागतच नाही, किंवा जोर लावला तरच लागते. हा दमटपणाचा दोष. पण नको असलेली दिशा मधूनमधून लागते आणि ते पहिल्या दिवसापासून होतंय, तर तो बहुधा रचनेचा दोष. दोन्हींचे उपाय वेगळे. इतिहास न विचारता उपाय केला तर वाया जातो.

दुसरी पायरी आपल्याकडच्या न्यायशास्त्राची आहे. अन्वय आणि व्यतिरेक. जिथे धूर तिथे अग्नी, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, हा व्यतिरेक. आता 'उजवं' लागत नाहीये. रबराचा तुकडा चारही बाजूंनी सारखा असेल तर तो पाव वळसा फिरवून बसवा. दोष 'उजव्या'वरून दुसऱ्या दिशेला गेला, तर तो रबरात आहे. जागेवरच राहिला, तर पाटीत किंवा बटणात. मग बटण फिरवून पाहा. एक पैसा खर्च न करता कारण सापडतं. वर्गात वर्षानुवर्षं मी हे धुराच्या उदाहरणाने शिकवलं. रिमोट समोर ठेवून शिकवलं तर मुलं लवकर समजतात.

आता उपाय. पाटी मळली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून हलक्या हाताने पुसा. रबर साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. टिकली घासू नका, पॉलिश पेपर तर मुळीच नको, वरचा कार्बनच निघून जाईल. टिकली झिजली असेल तर मऊ शिसाच्या पेन्सिलीने काळी करतात. ते चालतं, पण काही दिवसच. चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवणं हा आपला घरगुती उपाय. तोही चालतो, पण कागद सुरकुततो, सुटतो आणि पाटीवर ओरखडे पाडतो.

नको असलेल्या दिशेचा उपाय मात्र वेगळा आणि फार सुंदर आहे. उजवं दाबताना बटण उजवीकडे कलतं. त्यामुळे 'वर' आणि 'खाली'च्या टिकल्यांची उजवी कड आधी टेकते. म्हणजे अपराधी आहे ती कड. म्हणून 'वर' आणि 'खाली'च्या फण्यांच्या डाव्या-उजव्या कडांवर पातळ टेपच्या बारीक पट्ट्या लावायच्या, आणि 'डाव्या-उजव्या'च्या फण्यांच्या वरच्या-खालच्या कडांवर. मधला पट्टा उघडा ठेवायचा. आता थोड्याशा कलण्याने चुकीचा मार्ग जोडला जात नाही, पण मुद्दाम तिरकं दाबलं तर जोडला जातो. टेप जास्त झाली तर तिरक्या दिशा मरतात, म्हणून थोडी लावायची, तपासायचं, पुन्हा लावायची. टेकूच आखूड असेल तर त्याच्याखाली पातळ प्लॅस्टिकची चकती ठेवून त्याची उंची वाढवायची. इथेही बेताने, कारण टेकू फार उंच झाला तर तिरकं दाबताच येत नाही.

तपासायचं कसं? अंगठा बटणावर गोल फिरवा, आठ दिशा क्रमाने लागल्या पाहिजेत. किंवा जुनी युक्ती : वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी, ए. १९८६ च्या 'ग्रेडियस' खेळासाठी कझुहिसा हाशिमोतो यांनी ही चावी स्वतःच्या सोयीसाठी ठेवली होती. पुढे ती 'काँट्रा'त तीस जीव मिळवण्यासाठी जगभर पसरली. आठ दिशा नेमक्या आणि निर्भेळ लागल्या तरच ती चालते. म्हणजे मुलं जिला चीट समजत होती, ती बटणाची चांगली परीक्षाही आहे.

टेपचा तो दोन मिलिमीटरचा तुकडा लावणाऱ्या माणसाने योकोईंचं नाव ऐकलेलं असेल असं नाही. पण उजवं म्हणजे फक्त उजवं, ही जी अट क्योटोत कुणीतरी प्लॅस्टिकमध्ये घातली होती आणि नकलेत हरवली होती, ती त्याने पुन्हा शोधून काढली. तीही कुठलाही कागद न वाचता, वस्तूकडे बघून. इतिहासकार जुन्या दस्तावरून हेतू शोधतो, हा बिघाडावरून शोधतो. मला दोघांच्या कामात फारसा फरक दिसत नाही.

टाकून का देऊ नये

हा प्रश्न तुमच्या मनात आहेच. तीनशे रुपयांचा रिमोट, दुरुस्तीला तासभर. नवा का घेऊ नये? याचं उत्तर भावनेचं नाही, तर्काचं आहे. वस्तू झिजून बिघडली असेल तर नवी घेऊन प्रश्न सुटतो. पण दोष रचनेतच असेल, तर नवीन वस्तू त्याच साच्यातून येते आणि तोच दोष घेऊन येते. तुम्ही दोष बदलत नाही, फक्त त्याचं वय कमी करता. जुना रिमोट मात्र कचऱ्यात जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत व्हिडिओ गेमसुद्धा धरले आहेत. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. तिच्यापुढे मोबाइल होते, शेतीची अवजारं होती, घरगुती उपकरणं आणि गाड्या होत्या. चांगलं आहे. पण तो हक्क मागायला समोर कंपनी लागते. ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नावच नाही, तिच्यासाठी हक्क मागायचा कुणाकडे? तिथे शेवटी गावातला दुरुस्ती करणाराच उरतो.

आणि तो उरेल याची खात्री मला वाटत नाही. जात्याला टाकी लावणारे गेले, कल्हईवाले जवळजवळ गेले. ते गेले कारण त्यांच्या वस्तू घरातून गेल्या, हे समजू शकतं. पण बटणांच्या वस्तू घरात रोज वाढतायत आणि त्या उघडणारे हात कमी होतायत. हे उलटं आहे. त्या हातांबरोबर अन्वय-व्यतिरेक जातो, 'कधीपासून?' विचारण्याची सवय जाते. आणि मग पुढच्या मुलाला आपण पुन्हा तेच सांगू, की तुला नाचता येत नाही.

म्हणून एक छोटी सूचना करतो. जुने घड्याळजी घड्याळ दुरुस्त केल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक खूण कोरून ठेवत, म्हणजे पुढच्याला कळे की हे आधी कुणीतरी उघडलंय. तुम्ही रिमोट उघडलात तर बंद करण्यापूर्वी आत एक चिठ्ठी ठेवा. तारीख, काय तक्रार होती, कुठल्या कडांवर टेप लावली, चकती किती जाड. चार ओळी पुरेत. ज्या वस्तूला कंपनीने पुस्तक दिलं नाही, तिचं ते पहिलं पान होईल. शक्य असेल तर घरातल्या मुलाला शेजारी बसवून त्याच्याच अक्षरात लिहून घ्या. दोष त्याच्या अंगठ्यात नव्हता, हे त्याला त्याच्याच हाताने लिहू द्या.

इथे थांबतो. कुणी आपला रिमोट बरोबर आणला असेल, तर प्रश्नोत्तरांत उघडून बघू. छोटा स्क्रू ड्रायव्हर मी आणलाय.